हजारातला एक उशीर

आमच्या ह्यांच्या आवाजाचे अकरा लाख सदुसष्ट हजार तुकडे आहेत. फुशारकी म्हणून सांगत नाही. म्हणजे, थोडी फुशारकी आहेच, पण आकडा खरा आहे आणि मी स्वतः तपासलेला आहे.

हे म्हणजे हिंदुराव झांबरे. तासगावच्या बेदाणा बाजारात ह्यांनी सव्वीस वर्षं सौदे पुकारले. बाजारात त्यांना हिंदूआण्णा म्हणतात. मला म्हणतात झांबरे बाई, कारण मी एकतीस वर्षं हायस्कुलात गणित शिकवलं आणि त्या बाजारातले निम्मे अडते आणि निम्मे हमाल माझ्याच वर्गात अंगठे धरून उभे राहिलेले आहेत. त्यामुळे बाजारात मान दोघांनाही आहे, फक्त ह्यांना बघून लोक हसतात आणि मला बघून पाठ ताठ करतात.

बेदाण्याचा सौदा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. ताटात नमुना येतो. खरेदीदार मूठभर उचलतात, दाबतात, हुंगतात, एखादा दाणा तोंडात टाकतात. मग हे सुरू व्हायचे. चारशे बारा, बारा, बारा, चारशे पंधरा, सोळा, एकवीस, चारशे एकवीस, एका दमात आणि एका सुरात. आमच्या हॉलमध्ये हातोडा नाही की घंटा नाही. पुकारा चालू आहे तोवर माल खुला. पुकारा थांबला की शेवटच्या आकड्याला सौदा पक्का; पुकारणाऱ्याने एक बोट उंच धरलं असेल तरच ते खाली येईपर्यंत शेवटची बोली चालते. ह्यांचा पुकारा ऐकायला शेतकरी आपल्या मालाचा नंबर नसला तरी थांबायचे. मीही शाळेतून येताना पाच मिनिटं मागच्या दाराशी उभी राहायची, भाजीची पिशवी घेऊन, जणू काही कामच आहे.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर ह्यांच्या गळ्यात गाठ निघाली. पुण्याला ऑपरेशन झालं. गाठीबरोबर स्वरयंत्रही काढावं लागलं. माणूस वाचला. हे वाक्य मी तेव्हा दिवसातून दहा वेळा स्वतःला सांगायची, कारण घरात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

ईश्वरी भेटली ती त्याच इस्पितळात. ईश्वरी ऐनापुरे, माझीच विद्यार्थिनी, दहावीला गणितात शंभर. आता तिथल्या आवाज विभागात इंजिनिअर होती. तिने ह्यांच्या मानेवर एक पट्टी बांधली, दोन बोटं रुंद, गालफडापर्यंत येणारी. बोलायचं मनात आलं की स्वरयंत्र नसलं तरी जीभ, जबडा, गळ्याचे स्नायू हलायला बघतातच. ती बारीक हालचाल ही गळपट्टी वाचते आणि कुठला शब्द हवा ते ओळखते.

"आणि आवाज?" मी विचारलं.

"आवाज आण्णांचाच, बाई. बाजारानं सव्वीस वर्षांचे सगळे सौदे रेकॉर्ड करून ठेवलेत की, भांडण नको म्हणून. त्याचे तुकडे करायचे. आकडा असेल तर अख्खा शब्द, नाहीतर अक्षराएवढा. तुकडे जोडून बोलणं तयार होतं."

इथे कायद्याचं थोडं सांगावं लागेल. मधल्या काळात लोकांचे खोटे आवाज बनवून इतकी फसवाफसवी झाली की सरकारने आवाज कायदा आणला. यंत्राने बनवलेला आवाज व्यवहारात चालणार नाही, माणसाच्या खऱ्या बोलण्याचा तुकडा असेल तरच शब्दाला किंमत. हे तुकडे फोनमध्ये किंवा गळपट्टीत साठवायलाही बंदी. ते परवाना असलेल्या क्लाऊड कोठारातच राहणार, आणि दर वेळी तिथून, हा अमक्याचाच आवाज आहे असा शिक्का मारून येणार. म्हणजे ह्यांनी 'पाणी' म्हणायचं मनात आणलं की मागणी हवेतून कुठल्या तरी कोठारात जाणार, तिथून 'पा' आणि 'णी' येणार, आणि मग ते शब्द होऊन आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येणार. हे सगळं व्हायला पाव सेकंदही लागता कामा नये.

"आता कोठार तुम्ही निवडायचं," ईश्वरी म्हणाली. तिने तीन कंपन्यांची माहितीपत्रकं पुढे ठेवली. चपळा, नभकोठी आणि अग्रणी. पहिल्या दोन मोठ्या. तिसरी आपल्याकडचीच एक सहकारी डेटा संस्था, कोठार मिरजेला.

ही कोठारं कशी चालतात ते तिने मला देवळाबाहेरच्या चप्पल स्टँडच्या उदाहरणाने सांगितलं. कपाट नाही, कप्पा नाही, वर्गवारी नाही. वस्तू द्यायची आणि बिल्ला घ्यायचा. बिल्ला दाखवला की वस्तू परत. ती आत कुठे ठेवली आहे ते स्टँडवाल्याचं तो बघेल. पैसे दोन गोष्टींचे: ठेवण्याचं भाडं आणि दर वेळी मागण्याचं भाडं. आमच्या बाबतीत ठेवण्याचं भाडं किरकोळ होतं. खरा खर्च मागण्याचा, कारण माणूस दिवसाला किती बोलतो ते मोजायला गेलं की घाम फुटतो.

चपळाचा दर हजार मागण्यांना चार रुपये, नभकोठीचा नऊ, अग्रणीचा अकरा. वेगाच्या रकान्यात मात्र तिघांनीही स्वतःची आरती ओवाळली होती. म्हटलं, ठीक आहे, मी मोजते. ईश्वरीने मला मोजायचं साधन फोनवर घालून दिलं: कुठला तुकडा कधी मागितला, किती मिलीसेकंदांनी आला, सगळी नोंद. मिलीसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग.

घरी आल्यावर प्रश्न पडला, चाचणी कशावर घ्यायची? मला प्रश्न पडला तो चहाचं आधण उकळेपर्यंत, तेवढाच. सौद्यात असतात आकडे. आकडे म्हणजे पाढे.

एक आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मी ह्यांना पाढे म्हणायला बसवलं. दोनपासून तिसापर्यंत. ह्यांनी माझ्याकडे बघितलं ते असं, की साठाव्या वर्षी शाळेत नाव घातलंय. एकोणतिसाचा पाढा ह्यांना उभ्या आयुष्यात आला नव्हता, तो वहीत बघून म्हणायला लावला. मजा म्हणजे आवाज सगळा लिलावाचा. सत्तावीस, चोपन्न, एक्क्याऐंशी असं चढत जायचं की शेजारच्या पार्वतीकाकू कुंपणावरून विचारायच्या, "बाई, काय इकाय काढलंय?" चहा मागायचे तोसुद्धा पुकारल्यासारखा. इतक्या दिवसांनी तो आवाज घरात ऐकून मी एकदा मोरीत जाऊन रडले, हेही सांगून टाकते.

निकाल स्वच्छ होता. चपळा सरासरी अठ्ठावीस मिलीसेकंद. नभकोठी एकेचाळीस. अग्रणी साठ. सर्वांत वेगवान तीच सर्वांत स्वस्त, असं भाग्य रोज उजाडत नाही. मी तक्ता केला, लाल-निळ्या शाईत, आणि बाजार समितीतल्या प्रत्येकाला दाखवला. अजितशेठ मगदूम, आमच्या बाजारातले मोठे अडते, म्हणाले, "बाई, तुमी मोजलंय म्हंजे झालंच की."

समितीने आण्णांना परत उभं करायची तयारी दाखवली, पण अटीवर. मार्चच्या पहिल्या सोमवारी नव्या मालाचे सौदे सुरू होणार. त्या दिवशी दहा सौद्यांची परीक्षा. यंत्र अर्ध्या सेकंदाहून जास्त एकदाही अडकलं, तर पुकाऱ्याचा परवाना रद्द आणि त्या दिवसापासून सौदे पडद्यावर. खरेदीदार बटण दाबतील, पडद्यावर आकडे चढतील, माणूस नको. ह्यांचं सगळं आयुष्य त्या दहा सौद्यांवर आलं होतं. मला मात्र धाकधूक अशी नव्हतीच. तक्ता होता ना माझ्याकडे.

परीक्षेआधी सराव म्हणून जानेवारीत अजितशेठनी आपल्या दुकानात एक सौदा ठेवला. माल खरा, सावळजच्या इंदूताई पोळ यांच्या चाळीस पेट्या, शीतगृहातून काढलेल्या. पंधरा-वीस खरेदीदार जमले. ह्यांनी पांढरी टोपी घातली होती.

सुरुवात अशी झाली की माझी मान आपोआप वर गेली. चारशे दहा, दहा, अकरा, चारशे अकरा, बारा. लोक माना डोलवायला लागले. मग बोली उडी घ्यायला लागली. सतरा. तेवीस. एकतीस, चारशे एकतीस. मागून कुणीतरी अडतीसची खूण केली. ह्यांनी त्याच्याकडे बोट केलं. "चारशे" बाहेर आलं.

आणि पुढे काहीच नाही.

एक सेकंदसुद्धा नसेल. पण आमच्या बाजारात पुकारा थांबला म्हणजे सौदा पक्का. एकतीसवाला ओरडला, "माजा!" आणि त्याच्यानंतर ह्यांच्या गळपट्टीतून "अडतीस" निघालं, स्पष्ट, खणखणीत, आणि कुणाच्याही कामाचं नसलेलं. कोणीतरी हसलं. इंदूताईंचे किलोमागे सात रुपये त्या गपकन थांबण्यात गेले.

ह्यांनी खिशात हात घातला. इंदूताई पुढे झाल्या आणि त्यांनी तो हात धरला. "ऱ्हाऊ द्या ओ आण्णा. आजारातनं उठलाय तुमी. हुतंय एखांद्या वेळंला."

त्यांनी भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. सव्वीस वर्षांत ह्यांना कुणी सांभाळून घेतलं नव्हतं, कधी तशी वेळच आली नव्हती. ह्यांनी तिथेच गळपट्टी सोडली, टोपीत ठेवली आणि चालू लागले.

घरी आल्यावर ह्यांनी पाटी घेतली. इस्पितळातून आल्यावर लिहून बोलायची ती पाटी. त्यावर लिहिलं: 'पडदा बरा.' मी काही बोलायला गेले तर पुसून दुसरी ओळ लिहिली: 'तुझ्या पाढ्यांनी घात केला.'

मला इतका राग आला म्हणता! सात दिवस मी मोजलं, वह्या भरल्या, आणि घात माझा? मी चपळा कंपनीला तक्रारीचं असं पत्र लिहिलं की वाचणाऱ्याने छडी खाल्ल्यासारखं वाचावं. मग ईश्वरीला फोन लावला आणि त्या दिवसाची सगळी नोंद पाठवली.

दुसऱ्या दिवशी ती स्वतःच आली, पुण्याहून. ह्यांच्या पाया पडली. हे बाहेर अंगणात खुर्चीवर पाठ करून बसले होते, ते तसेच बसून राहिले.

"बाई," तिने हळूच विचारलं, "तुम्ही चाचणी कशावर घेतली होती?"

"पाढ्यांवर."

ती ओठ दाबून हसू आवरायला लागली, आणि ते काही आवरेना. "बाई, रागावू नका. पण चपळाला तुमचे पाढे तोंडपाठ झालेत."

मग तिने समजावलं, आणि मी तिच्या वर्गात बसल्यासारखी ऐकत राहिले. चपळाने दर कमी ठेवला आहे, कारण ती बहुतेक तुकडे आतल्या स्वस्त, मंद फडताळांत ठेवते. वेग दाखवायला ती एक युक्ती करते. तुम्ही कशानंतर काय मागता ते शिकते. सातानंतर चौदा मागितलं, चौदानंतर एकवीस, असं दोन-चारदा झालं की पुढच्या वेळी तुम्ही सात म्हणताच ती चौदा आणि एकवीस आणून दारातच ठेवते. तुम्ही मागायच्या आत वस्तू तयार. पाढ्यांइतकी ओळखीची गोष्ट जगात दुसरी नाही. पण सौद्यात एकतीसनंतर अडतीस येणार की बत्तीस, हे देवालाही माहीत नाही. मग चपळाला आत जाऊन शोधावं लागतं. त्या दिवशी अडतीस यायला नऊशे चाळीस मिलीसेकंद लागले होते.

"म्हणजे मी तिला पेपर आधी फोडून दिला आणि मग परीक्षा घेतली," मी म्हणाले.

"आणि दुसरं एक. तुम्ही सरासरी काढलीत."

हे तिने पुढे बोलायची गरजच नव्हती. एकतीस वर्षं मी मुख्याध्यापकांशी ज्या गोष्टीवरून भांडले ती हीच. वर्गाची सरासरी सत्तर आली म्हणून मागच्या बाकावरच्या नापास मुलाला पास म्हणायचं का? सौद्यात हजार शब्द वेळेवर येऊन चालत नाहीत. त्या हजारातला जो एक उशिरा येतो, तोच सौदा पाडतो. आणि मी, झांबरे बाई, सरासरी काढून तक्ता रंगवत बसले होते.

चपळाला लिहिलेलं पत्र अजून गेलं नव्हतं, ते मी फाडलं. मग अंगणात गेले. ह्यांच्या समोर उभी राहिले आणि म्हणाले, "ऐका. चूक कंपनीची नाही, तुमची नाही, गळपट्टीची नाही. माझी आहे. मी चुकीचं मोजलं."

ह्यांनी पाटी ओढून लिहिलं: 'आजची तारीख घालून सही कर.'

मी हसले, ते हसले. आवाज नसलेलं हसू, पण खांदे हलत होते. ईश्वरी दारात उभी राहून डोळे पुसत होती. लग्नाला सदतीस वर्षं झाली होती आणि मी चूक कबूल करायची ही पहिलीच वेळ, असं ह्यांचं म्हणणं. माझ्या मते तिसरी.

या खेपेला मी नीट मोजलं. ह्यांच्याच जुन्या रेकॉर्डिंगमधून तीनशे सौदे काढले, आकडे जसे उड्या मारत गेले होते तसेच घेतले. एकही सौदा दुसऱ्यांदा वापरला नाही, शिकायला मिळता कामा नये म्हणून. घरात बसून नाही, तर सौदा हॉलच्या पत्र्याखाली, सकाळी अकराला, जेव्हा अख्ख्या राज्याची दुकानं, कचेऱ्या, इस्पितळं कोठारांवर तुटून पडलेली असतात. मागणी पाठवायला मालकाची परवानगी लागते, म्हणून हे माझ्याशेजारी बसून रोज अंगठा द्यायचे. पहिल्या दिवशी न बघताच दिला. तिसऱ्या दिवशी माझ्या चष्म्याला चष्मा लावून आकडे बघायला लागले.

आणि या वेळी मी सरासरी काढली नाही. प्रत्येक हजार मागण्यांतला सर्वांत उशिराचा शब्द कोणता आणि तो किती उशिरा आला, एवढंच लिहिलं. नऊ दिवस.

चपळा: नऊशे ते अकराशे. नभकोठी: तीनशेच्या आसपास, पण गर्दीच्या वेळी साडेपाचशे. आणि अग्रणी, ती माहितीपत्रकात सर्वांत मंद दिसणारी मिरजेची संस्था: एक्क्याहत्तर. कधी अडुसष्ट, कधी त्र्याहत्तर. नऊ दिवसांत ऐंशीच्या वर एकदाही नाही.

मी मिरजेला जाऊन त्यांच्या व्यवस्थापकांना गाठलं. कुलकर्णी नावाचे बारीक चणीचे गृहस्थ, माझ्या वह्या बघून इतके खूश झाले की दोनदा चहा मागवला. "त्यात जादू काही नाही हो. आम्ही प्रत्येक तुकडा दोन ठिकाणी ठेवतो आणि मागणी आली की दोन्हीकडे विचारतो. जो आधी येईल तो द्यायचा. दोन्हीकडे एकदम अडचण यायचा योग फार क्वचित. फुकट अंदाज बांधत बसत नाही. त्यामुळे आम्ही सर्वांत पुढे कधीच नसतो, पण मागेही राहत नाही. दुप्पट काम, म्हणून दर जास्त. इतक्या वर्षांत हा शेवटचा रकाना विचारायला पहिल्यांदाच कोणीतरी आलंय."

ते ऐकून मला जो अभिमान वाटला, तो आदर्श शिक्षिकेचा फेटा बांधला तेव्हाही वाटला नव्हता.

राहिला दराचा प्रश्न. बाजाराचं बोलणं आणि घरचं बोलणं, दोन्ही अग्रणीवर ठेवायचं तर महिन्याला दहा हजारांच्या वर जात होतं. माझ्या पेन्शनमधून एवढं निघेना. ईश्वरी म्हणाली, तुकडे वाटून ठेवता येतात. आकडे, भाव, मालाची नावं, खरेदीदारांची नावं अग्रणीवर. बाकीचं घरगुती बोलणं स्वस्त चपळावर.

मी लगेच हो म्हटलं. हे नाही म्हणाले. गळपट्टी बांधून म्हणाले, घरात अजून चपळाच होती, त्यामुळे अडखळत.

"घरात पण... नीट बोलणं... पाहिजे मला."

"घरात कोण सौदा करतंय? थांबत थांबत बोला."

"थांबलो की तू... माझं वाक्य..."

"पुरं करते, बरं. मग काय झालं?"

हे हाताने माझ्याकडे दाखवून हसले, आणि तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. ऑपरेशनपासून एकही वाक्य ह्यांना स्वतःचं स्वतः संपवता आलं नव्हतं. जरा खंड पडला की मी घुसायची. वर्गात मूल अडलं की पुढचा शब्द सांगायची सवय. वाईट वाटलं मला, आणि लाजही वाटली.

"नाही करणार," मी म्हणाले. "तुमचा शब्द येईपर्यंत थांबेन. कितीही लागू दे. पण बाजारात एकही शब्द उशिरा यायचा नाही."

"बघू... किती दिवस..."

मी तोंड घट्ट मिटून बसले. जवळजवळ एक सेकंद गेला.

"...टिकतंय," हे म्हणाले, आणि वाटणीला अंगठा दिला.

मार्चचा पहिला सोमवार. हॉल गच्च भरला होता. समोर समितीचे तिघे, मध्ये अजितशेठ, आणि त्यांच्या डावीकडे पडदावाल्यांचा प्रतिनिधी, हातात थांबघड्याळ घेतलेला. माणूस सभ्य होता, पण त्याचं पोट त्या पडद्यावर होतं. मी कडेला फोन घेऊन बसले. ह्यांचा प्रत्येक शब्द कधी मागितला गेला आणि कधी आला, ते समोर सरकत होतं.

पहिला सौदा गेला. दुसरा, तिसरा. साठ, त्रेसष्ट, एकसष्ट मिलीसेकंद. पाचव्या सौद्याला बोली एकदम अकरा रुपयांनी उडाली आणि ह्यांचा पुकारा तिच्याबरोबर उडाला. अडुसष्ट. हॉलमध्ये हळूहळू ती जुनी कुजबुज सुरू झाली, माना डोलायला लागल्या, हमालांनी पेट्या उचलायचं सोडून कान लावले. ह्यांचा हात वर-खाली होत होता, पायाच्या चवड्यांवर उभे राहत होते. साठ वर्षांचा माणूस असा उभा राहिलेला मी बघितलेला नाही.

नऊ सौदे स्वच्छ गेले. दहावा नंबर निघाला तो इंदूताईंचाच. नवा माल, हिरवा, लांब दाण्याचा. दोन खरेदीदार उरले आणि आकडा चारशे त्रेपन्नला येऊन ठेपला. त्रेपन्न म्हणणाऱ्याने मान हलवली, बस, याच्यापुढे नाही. दुसरा खिशात हात घालून छताकडे बघायला लागला, जणू त्याला गरजच नाही. ह्यांनी उजवा हात उंच केला, एक बोट वर. "चारशे," म्हणाले.

आणि थांबले.

अर्धा सेकंद गेला, पाऊण गेला. पडदावाल्याने घड्याळ दाबलं आणि म्हणाला, "अडकलं. बघा, अडकलं!" अजितशेठनी पेन उचललं. इंदूताईंनी पदर तोंडाशी नेला. आणि माझ्या जिभेच्या टोकावर 'चोपन्न' आलं होतं, ह्यांच्याऐवजी मीच ओरडले असते.

मी खाली बघितलं. फोनवर शेवटची ओळ 'चारशे' ची होती, बासष्ट मिलीसेकंद. त्याच्या खाली काही नव्हतं. अडकलेली मागणी लाल दिसते. लाल नव्हतं, पिवळं नव्हतं, ओळच नव्हती.

मी उभी राहिले. "शेठ, लिहू नका. यंत्र अडकलेलं नाही. आण्णांनी शब्द मागितलेलाच नाही."

"म्हंजे?"

"म्हणजे ते गप्प बसलेत. स्वतःहून."

अजितशेठनी माझ्या हातातला फोन बघितला, पेन खाली ठेवलं आणि ह्यांच्याकडे बघितलं. बोट अजून वर होतं. हे कुणाकडेच बघत नव्हते, फक्त छताकडे बघणाऱ्या त्या खरेदीदाराकडे. गालात थोडं हसू होतं. यंत्राने दिलेले शब्द त्यांनी सकाळपासून हजारो वापरले होते. ही शांतता मात्र कुठल्याच कोठारातून आलेली नव्हती, ती सगळीच्या सगळी ह्यांची होती.

खरेदीदाराने छतावरची नजर काढली. बोट खाली यायला लागलेलं त्याला दिसलं, आणि त्याने खिशातला हात काढून उंच केला. "पासष्ट! आण्णा, पासष्ट!"

"चारशे पासष्ट, पासष्ट, पासष्ट," ह्यांनी पुकारलं, आणि बोट पुरतं खाली आणून टाळी वाजवली.